तोंडातल्या चुका

मराठीत 'चूक' या एका शब्दावर दोन धंदे चालतात. शाळेतला मास्तर लाल शाईनं वहीत शोधतो ती एक चूक, आणि सोफे-खुर्च्यांना कापड चढवणारा कारागीर लाकडात ठोकतो ती दुसरी. ही दुसरी म्हणजे चपट्या डोक्याचा, बोटाच्या पेराहूनही लहान असा टोकदार खिळा. पहिल्या जातीच्या चुका आपण सगळेच करतो आणि जमलं तर दुसऱ्याच्या नावावर टाकतो. दुसऱ्या जातीच्या चुका आमचे मास्तर मूठभर उचलत आणि सरळ तोंडात टाकत.

हे मास्तर शिकवणारे नव्हेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोफे दुरुस्तीचं दुकान आहे, तिथले मास्तर. बुटके, रुंद, पन्नाशी उलटलेले, गुडघ्यांवर काथ्याची धूळ आणि भुवयांत फोमचा चुरा. त्यांचं काम बघायला येणारेजाणारे थांबत. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि तिसरा हात म्हणजे जीभ. जीभ आतल्या आत एक चूक निवडणार, फिरवून तिचं डोकं ओठांबाहेर काढणार, हातोडीच्या लोहचुंबकाला ती चिकटणार, आणि ठक्! तोवर पुढची ओठावर हजर. इतक्या वर्षांत एक चूक पोटात गेली नाही. "माझ्या चुका मी गिळत नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते. सणसणीत विनोद होता, पण तोंडात चुका असल्यामुळे कुणाला कळला नाही.

त्यामुळेच ते बोलत नसत. सगळा व्यवहार 'हं'वर. आखूड 'हं' म्हणजे होईल. लांब 'हंऽऽ' म्हणजे होईल, पण तुम्ही म्हणता त्या दिवशी नाही. नाकातून आलेला 'हं' म्हणजे हे भडक फुलाफुलांचं कापड तुम्ही स्वतः, शुद्धीवर असताना निवडलंत का? दुकानातले भागीदार शिवणकाका, जे कोपऱ्यातल्या मशीनवर कव्हरं शिवतात, ते या हुंकारांचे अधिकृत दुभाषे.

म्हणून ज्या सकाळी मास्तरांनी चुका तोंडात न टाकता वाटीत ओतल्या, त्या सकाळी शिवणकाकांच्या मशीनचा पाय थांबला.

"का हो मास्तर, दात हलतोय?"

"नाही."

'नाही' हा अख्खा शब्द मास्तरांच्या तोंडून, कामाच्या वेळी! शिवणकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग?"

"तोंड आलंय."

तोंड आलंय, असं आपण म्हणतो, जणू ते इतके दिवस बाहेरगावी होतं. आणि कुणाचं तोंड आलं की गल्लीतल्या प्रत्येकाला वाचा फुटते. मध लावा, पोट साफ ठेवा, जागरण कमी करा, गार दूध प्या, गार दूध अजिबात पिऊ नका. मास्तरांचं तोंड रिकामं म्हटल्यावर गिऱ्हाइकंही सोडीनात. त्यांनी इतकी वर्षं साठवलेले प्रश्न बाहेर काढले आणि बिचाऱ्या मास्तरांना उत्तरं द्यावी लागली. एका बाईंना त्यांनी "तुमच्या खुर्चीत काही राम नाही" असं खरं सांगून टाकलं. बाई खुर्ची उचलून गेल्या. शिवणकाका म्हणाले, "मास्तर, लवकर बरे व्हा. धंदा बसेल."

मास्तर हसले, पण ओठ फार न उघडता. कारण तोंड नुसतं आलेलं नव्हतं. त्यात काय आलं होतं ते त्यांनी सकाळीच घराच्या आरशात, विजेरी धरून पाहिलं होतं. जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूला, टाळूवर पांढरे थर. दही सांडून सुकावं तसे. ओल्या फडक्यानं पुसलं तर थर निघत होता आणि खाली लालभडक, झोंबणारी कातडी उघडी पडत होती. ओठांचे कोपरे चिरलेले. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागत होतं. आणि लोखंडाची चव कशी असते हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक!

हा पांढरा थर त्यांच्या ओळखीचा होता. बऱ्याच वर्षांपूर्वी तो असाच एका सकाळी आला होता, आणि त्याच्यामागोमाग दवाखाना, रक्ततपासणी आणि एचआयव्ही हा शब्द घरात आला होता.

हा शब्द घरात फक्त दोघांना माहीत. मास्तर आणि त्यांची बायको. बायको शाळेत खेळाच्या बाई. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि मैदानभर पोरांना एका फुंकरीत उभं करण्याची ताकद. तेव्हा त्यांचीही तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. हे आलं कुठून, या प्रश्नावर त्या दोघांचं एकदाच, दारं-खिडक्या लावून, जे काय व्हायचं ते झालं. त्यानंतर बाईंनी पाण्याचा पेला आणि गोळी नवऱ्याच्या हातात दिली, आणि त्या प्रश्नाला कायमचं मैदानाबाहेर काढलं.

तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा विषाणू भाडेकरूसारखा आहे. घर सोडणार नाही. पण गोळ्या नेमानं घेतल्या तर एका खोलीत गप्प पडून राहील." बाईंनी तो शब्द उचलला. तेव्हापासून त्यांच्या घरात भाडेकरू राहत होता. "भाडेकरूचं झालं का?" म्हणजे गोळ्या घेतल्या का. "भाडेकरूकडे जाऊन येतो" म्हणजे दवाखान्यात जाऊन येतो. शेजारपाजारी कुणी ऐकलं तरी बिघडत नव्हतं. भाडेकरू कुणाला नसतात?

मधे एकदा त्यानं दंगा केला होता. पहिल्या गोळ्या त्याला पुरेनाशा झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी त्या बदलून दुसऱ्या, जास्त जोरकस दिल्या. "या मात्र सांभाळा," त्या म्हणाल्या होत्या, "पुढे फारसे पर्याय उरत नाहीत." हे वाक्य मास्तरांच्या मनात चुकेसारखं रुतून बसलं होतं, डोक्यापर्यंत.

आणि आता हा पांढरा थर.

"अहो, एक विचारू?" बाईंनी रविवारी सकाळी विचारलं. समोर मऊ भाताचा वाडगा, मास्तर एकेक घास काच गिळावी तसे गिळत होते. "तुम्ही गोळ्या चुकवल्या नाहीत ना?"

"हं," मास्तर म्हणाले.

बाईंना त्या 'हं'चा अर्थ लागेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा नवा होता.

तो नवाच होता. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम निघालं तेव्हा मास्तर तिथेच मुक्कामाला होते आणि गोळ्यांची डबी घरी राहिली होती. आणायला जायचं तर शिवणकाकांना काय सांगायचं? "उद्या घेऊ," असं करत काही दिवस निघून गेले. पुन्हा सुरू केल्या तेव्हा सगळं ठीक वाटलं. वाटलं तेवढंच. त्या दिवसांत भाडेकरूनं आत काय केलं, कोणत्या भिंती पाडल्या, कुणास ठाऊक. आता रोज सकाळी विजेरी धरून तोंड उघडताना मास्तरांना वाटे, आपण आपल्याच घराच्या किल्लीच्या भोकातून आत बघतोय, आणि आत कुणीतरी सामान हलवतंय.

"हं म्हणजे काय?" बाईंचा आवाज चढला. "भाडेकरूनं परत डोकं वर काढलं असेल तर लपून काय होणार? आज एक खोली, उद्या सगळं घर ताब्यात घेईल तो! तुम्ही जात का नाही?"

"बघू. जरा थांब. कदाचित आपोआप..."

"आपोआप कुठला भाडेकरू गप्प बसलाय आजवर?"

आणि दारातून एक आवाज आला. चालत्या बसच्या इंजिनावर मात करून शेवटच्या सीटपर्यंत पोचण्यासाठी तयार झालेला आवाज.

"कुठाय तो?"

दारात मास्तरांची थोरली बहीण उभी होती. सगळे तिला कंडक्टरआक्का म्हणतात. सारी नोकरी बसमध्ये उभ्यानं झाली, आता निवृत्त. पण अजूनही घरात शिरताना "पुढे सरका" म्हणते. मायाळू बाई. दोष एकच, जिभेला हाड नाही. आक्काला एक गोष्ट सांगायची म्हणजे बसच्या टपावर रंगवून घेण्यासारखं. म्हणूनच हे गुपित तिच्यापासून सगळ्यात जास्त जपलेलं.

"कोण, वन्सं?" बाईंनी विचारलं.

"भाडेकरू! मी जिन्यात सगळं ऐकलंय. छोट्या, मला सांगितलं नाहीस? माळा भाड्यानं दिलास? गाल वर आलेत म्हणून मी फसले रे, म्हटलं तब्येत सुधारली. पण डोळे बघ. घास गिळत नाही तुला त्याच्यापायी! अरे, तिकीट न काढणारे पैलवान उतरवलेत मी. हा कोण लागून गेला?"

"आक्का, ऐक तर..."

"तू गप्प बस. तू लहानपणापासून असाच. लोक डोक्यावर बसतात आणि तू हं हं करतोस."

आणि आक्का माळ्याच्या शिडीवर चढली. साठी उलटलेली बाई, गुडघ्यांची तक्रार सगळ्या गावाला तोंडपाठ, पण भावाचा भाडेकरू म्हटल्यावर गुडघे कुठे गेले कोण जाणे. वरून धडाधड आवाज आले. फोमची एक गुंडाळी खाली पडली, मग दुसरी. मग काथ्याचं पोतं. मग धुळीतून आक्काची शिंक.

"पळाला वाटतं!" वरून ललकारी आली. "सामान सोडून पळालाय. हे फोम त्याचेच ना?"

खाली बाई हसत होत्या, म्हणजे चेहऱ्यानं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मास्तर उठले. शिडीशी जाऊन उभे राहिले.

"आक्का, खाली ये. तो वर नाही."

"मग कुठेय?"

मास्तरांनी वर मान करून तोंड उघडलं. पूर्ण. आक्का उतरता उतरता शिडीच्या मधल्या पायरीवर थांबली आणि तिनं खाली वाकून आपल्या धाकट्या भावाच्या तोंडात पाहिलं.

"हे रे काय, छोट्या?"

मग बाईंनी सांगितलं. उभ्याउभ्या, थोडक्यात, मुलांना खेळाचे नियम सांगावेत तसं. भाडेकरूचं खरं नाव सांगितलं, तो किती वर्षं आहे ते सांगितलं, आणि तोंडातली ही पांढरी बुरशी पुन्हा आली याची भीती कशासाठी तेही सांगितलं.

आक्का शिडीवरच बसली. तिला इतका वेळ गप्प मी तरी कधी ऐकलेलं नाही, आणि मास्तरांनीही नाही. पुढे हे सगळं मला सांगताना त्यांनी त्या गप्पपणावरच सगळ्यात जास्त वेळ घेतला.

"मला नाही सांगितलंत," ती शेवटी म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर..."

"गावभर झालं असतं. म्हण की. खरंच आहे." ती खाली उतरली. टेबलावर तिच्यासाठी ओतलेला चहा होता. तिनं कप उचलला, कपाकडे पाहिलं, मास्तरांच्या ओठांकडे पाहिलं आणि कप हळूच परत ठेवला.

बाईंनी ते पाहिलं. "वन्सं, कपानं नाही होत. थुंकीनं, जेवणानं, जवळ बसल्यानं काही होत नाही. मी एवढी वर्षं याच घरात खातेपिते."

"मला माहितेय!" आक्का खेकसली. माहीत नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं. तिचे कान लाल झाले. तिनं कप उचलून एका दमात संपवला, जीभ भाजली, आणि डोळ्यांतलं पाणी भाजल्याच्या नावावर खपवलं. "ही बुरशी कसली पण? पावावर येते तीच का?"

"कोण जाणे."

"कोण जाणे काय? उद्या दवाखाना. मी येणार. तुला 'बघू' म्हणायची सोय ठेवत नाही मी."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. मास्तरांनी दुकानात काय सांगितलं? "आक्काचे गुडघे." शिवणकाका म्हणाले, "अरेरे, जपा त्यांना." आक्का, जी माळ्यावर चढून आली होती, दुकानासमोरून लंगडत गेली. जरा जास्तच लंगडली. शिवणकाकांनी कामातून उठून तिच्यासाठी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, जिभेवर लाकडी पट्टी ठेवली आणि थराचा थोडा भाग खरवडून पाहिला. "गिळताना दुखतं? छातीत, मधोमध?"

"घशात दुखतं. खाली नाही."

"ते बरं आहे. ही बुरशीच आहे. सगळ्यांच्या तोंडात थोडी असतेच, गप्प असते. शरीराचा पहारा ढिला पडला की माजते."

'पहारा ढिला' म्हटल्यावर बाईंनी गळ्यातली शिट्टी घट्ट धरली. सुट्टी काढून आल्या होत्या तरी शिट्टी गळ्यातच होती.

"म्हणजे पावावरची?" आक्कानं विचारलं.

"तिची चुलत बहीण म्हणा." डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "गोळ्या रोज घेताय?"

मास्तरांच्या तोंडात चुका असत्या तर किती बरं झालं असतं. पण तोंड रिकामं होतं.

"मधे काही दिवस राहिल्या," ते म्हणाले. "नाट्यगृहाचं काम होतं. डबी घरी होती."

बाईंनी मान फिरवली नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तर मला नंतर म्हणाले की त्या वेळी बायकोनं एक शिव्यांची लाखोली वाहिली असती तरी चाललं असतं. ती गप्प बसली ते त्यांना टाळूवरच्या जखमेपेक्षा जास्त झोंबलं.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचाही 'हं' काही सोपा नव्हता. "रक्त घेऊ या. विषाणू किती आहे ते कळेल. याशिवाय दुसरं काही औषध चालू आहे? कुणाकडून काही घेताय?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"आणि तो फुसफुस्या?" आक्का म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर गप्प झालं असतं.

"कुठला फुसफुस्या?" डॉक्टरीणबाई.

"तो हो, दम्याचा. तोंडाला लावून दाबतो आणि फुस्स करतो. काथ्याची धूळ बसून बसून छाती भरलीय ना त्याची. चौकातल्या छातीच्या डॉक्टरांनी दिलाय. रोज सकाळ-संध्याकाळ. आधी दारामागे लपून ओढायचा, मला वाटलं सिगारेट सुरू केली की काय! म्हणून बघितलं तर हे." आक्का थांबली. तिला सगळ्यांचे चेहरे दिसले. "काय झालं? हेही सांगायचं नव्हतं का? अरे, मला एक यादी तरी करून द्या!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?"

मास्तरांचं तर्कशास्त्र त्यांच्या मते अगदी सरळ होतं. छातीच्या डॉक्टरांकडे सोफे मास्तरांनीच शिवलेले. तिथला कंपाउंडर रोज दुकानात गप्पा मारायला येतो. छातीच्या डॉक्टरांना भाडेकरू सांगितला की तो संध्याकाळपर्यंत दुकानात पोचणार. आणि डॉक्टरीणबाईंना पंप सांगितला असता तर त्यांनी विचारलं असतं, "त्यांना भाडेकरू सांगितलात का?" म्हणून एका डॉक्टरला एक अर्धा मास्तर, दुसऱ्याला दुसरा अर्धा. अख्खे मास्तर कुणालाच नाहीत.

"पंप घेतल्यावर चूळ भरता?"

"छे. औषध वाहून जाईल ना."

"मग काय करता?"

"मग..." मास्तर ओशाळले. "मग लगेच चुका टाकतो तोंडात."

"कसल्या चुका?"

"खिळे हो," आक्कानं खुलासा केला. "मूठभर. लहानपणी गोट्या टाकायचा."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. नंतर त्यांनी सावकाश समजावलं. पंपातलं औषध तोंडात राहिलं तर तिथे बुरशी माजायला तेवढं पुरेसं असतं. म्हणून चूळ भरून टाकायची असते. औषध छातीत गेलेलंच असतं, वाहून जातं ते फक्त तोंडातलं. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मास्तरांच्या गोळ्यांपैकी एक गोळी या पंपाच्या औषधाला शरीरातून बाहेर पडू देत नाही. ते साठत जातं.

"तुमचे गाल कधीपासून वर आलेत?"

तिघांनी मास्तरांच्या गालांकडे पाहिलं. ज्या गालांचं आक्कानं कौतुक केलं होतं, बाईंनी मनातल्या मनात आभार मानले होते, ते गोल, तुकतुकीत गाल.

"म्हणजे तब्येत सुधारली नव्हती?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही. आणि पंप आपल्या मनानं एकदम बंद करायचा नाही, त्यानंही त्रास होतो. मी आत्ता त्या डॉक्टरांशी बोलते, ते दुसरा देतील. बोलू ना?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं. "बोला," ते म्हणाले.

"म्हणजे बुरशी पंपाची?" आक्कानं आशेनं विचारलं. "भाडेकरूची नाही?"

"पंपाची असू शकते. भाडेकरूची असू शकते. दोघांची मिळून असू शकते. रक्त सांगेल." त्यांनी तोंडात घोळवून गिळायचं पिवळं औषध लिहून दिलं. "आणि बरं होईपर्यंत तोंडात लोखंड नको."

औषधानं थर विरघळायला लागला. पण थर गेला म्हणून भीती जाते असं थोडंच आहे! उलट आरशात काही दिसेनासं झालं तशी मास्तरांना जास्तच काळजी वाटू लागली. दिसत होतं तोवर शत्रू कुठे आहे ते तरी ठाऊक होतं. दुकानाचा फोन वाजला की हातोडी अंगठ्यावर. छातीच्या डॉक्टरांचा कंपाउंडर नेहमीप्रमाणे गप्पा मारायला आला, हवापाण्यावर बोलला आणि गेला. त्याला काही ठाऊक होतं की नव्हतं, याचा विचार करत मास्तरांनी एका सोफ्याला उलटं कापड ठोकलं. बाई घरात बोलत होत्या, पण मोजकं: वाढू का, झालं का, चूळ भरली का. नाट्यगृहाचं नाव त्यांनी काढलं नाही. आक्का रोज फोन करायची आणि फोनवर बोलायचं नाही असं ठरवलं असल्यामुळे नुसती श्वास घ्यायची. "आक्का, तू आहेस ना?" "आहे. काही नाही. ठेव."

आणि आश्चर्य म्हणजे गावभर काही झालं नाही. आक्कानं तोंड उघडलं नाही. तिला ते किती जड गेलं याचा पुरावा एवढाच की भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तिनं आपल्या गुडघ्यांची इतकी सविस्तर माहिती दिली की लोक तिला बघून रस्ता बदलू लागले. काहीतरी बाहेर पडायलाच हवं होतं, ते गुडघ्यांवाटे पडलं.

निकालाच्या दिवशी तिघं पुन्हा त्याच ठिकाणी. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. आक्का येरझाऱ्या घालत होती आणि दर फेरीला लोकांना "पुढे सरका" म्हणत होती. लोक सरकतही होते. बाई उभ्याच होत्या, मैदानावर असतात तशा, पाय किंचित फाकवून, सगळं यायचं ते अंगावर घ्यायच्या तयारीत.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," त्या अचानक म्हणाल्या. मास्तरांकडे न बघता.

"हो."

"मी डबी घेऊन आले असते. नाट्यगृहापर्यंत धावत आले असते."

"माहितेय. म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"धावत आली असतीस आणि सगळ्यांसमोर शिट्टी वाजवली असतीस."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला. डॉक्टर लोकांना हे का करावंसं वाटतं देव जाणे. मग म्हणाल्या, "विषाणू सापडला नाही. म्हणजे यंत्राला दिसेल इतका नाही. गोळ्या अजून काम करताहेत. यावेळी वाचलात, मास्तर. पुन्हा डबी विसरलात तर वाचालच असं नाही."

मास्तरांनी मान हलवली. खाली, वर, पुन्हा खाली.

"सापडला नाही?" आक्का पुढे झाली. "नीट शोधला का?"

"नीट शोधला. पण सापडला नाही म्हणजे गेला असं नाही हं, आक्का."

"ते मला सांगू नका. सापडला नाही म्हणजे उतरला असं थोडंच! तपासनीस चढला की फुकट्या सीटखाली जातो. तपासणी थांबली की परत वर. चालू ठेवायची, एवढंच." तिनं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, आणि पदरानं डोळे पुसत बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या अनोळखी माणसाला गुडघ्यांबद्दल सांगू लागली.

बाहेर आल्यावर बाई भिंतीशी असलेल्या बाकावर बसल्या. मास्तर त्यांच्या शेजारी बसले. मग मास्तरांचा हात आपोआप बाकाच्या कडेखाली गेला. चाचपडला. थांबला. त्यांनी खाली वाकून पाहिलं, आणि बघता बघता ते व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत गुडघ्यांवर बसून बाकाखाली डोकं घालून मोकळे झाले.

"अहो! काय करताय?"

"हे कुणी ठोकलंय?" बाकाखालून संतापलेला आवाज आला. "एका चुकेचं दुसरीशी पटत नाही! कापड ताणलेलंच नाही, नुसतं गुंडाळलंय. आणि लोक यावर बसतात!"

"उठा, लोक बघताहेत."

"बघू देत. अगं, हे बघ तू. ये, वाक इकडे."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग गळ्यातली शिट्टी मागे सरकवली आणि त्याही वाकल्या.